येऊ का, बाई?

हिराआक्का उघड्या दाराशीही थांबत. वाचनालयातल्या माझ्या खोलीचं दार दिवसभर सताड उघडं असे. मी ग्रंथपाल, आक्का तिथल्या शिपाई. दिवसातून वीस वेळा तरी आत-बाहेर करायच्या. तरी प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेर उभ्या राहून विचारत, "येऊ का, बाई?" मी नगरला नवीन होते तेव्हा एकदा म्हटलं, दार उघडंच आहे, विचारता कशाला?

"उघडं हाय म्हनून तर इचारायचं," त्या म्हणाल्या.

आक्का मूळच्या शनिशिंगणापूरच्या. त्यांच्या घराला चौकट होती, दार नव्हतं. चौकटीत जुन्या लुगड्याचा पडदा. तिथे चोरी होत नाही याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आक्कांच्या लेखी गावाची खरी रीत वेगळीच होती: पडद्याला हात लावण्याआधी हाक द्यायची. वाचकांच्या टेबलावर फडकं मारायचं तरी त्या आधी विचारत. रोज पेपर वाचायला येणारे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, अहो, टेबल वाचनालयाचंच आहे. "टेबल हाय, पन कोपर तुमचं हाय," आक्का म्हणाल्या.

कुणी न विचारता मोबाईल रोखला की त्या पदर तोंडावर ओढून घेत. विचारलं तर ऐटीत बसत. मी कधी विचारलं नाही. रोज समोर असणाऱ्या माणसाचा फोटो कशाला काढायचा, असं वाटे.

आम्ही दोघीही निवृत्त झाल्यावर त्यांच्या लेकीचं, मंदाचं, बाळंतपण आलं. मंदा परदेशात नर्स होती. आक्कांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. तिथल्या विमानतळावर उतरल्यावर एक मोठी पाटी होती. चेहरा आणि दहाही बोटांचे ठसे घेतले जातील, साठवले जातील, गरजेप्रमाणे इतर खात्यांना दिले जातील. मी ती आक्कांना मराठीत सांगितली. रांग सरकत होती तशा त्या विचारात पडल्या. काउंटरशी आल्यावर म्हणाल्या, "त्येला इचारा, किती दिस ठेवनार? आन दुसऱ्याला देताना मला सांगनार का?"

मागे रांग खोळंबली होती. काउंटरवरचा तरुण घाईत होता. शंका काढल्या म्हणून परत पाठवलं तर? मंदा दिवस भरत आलेली, बाहेर वाट बघत होती. मी त्याला इंग्रजीत एवढंच विचारलं, की आधी कुठला हात ठेवायचा. मग आक्कांकडे वळून सांगितलं, "थोडे दिवस ठेवतात, मग पुसून टाकतात."

माझ्यावर विसंबून त्यांनी हात काचेवर ठेवला. तीस वर्षं पुस्तकं चिकटवायच्या खळीत आणि फरशीच्या फिनेलमध्ये बुडालेली ती बोटं यंत्राला वाचता येईनात. तरुणानं न विचारता त्यांचं मनगट धरून बोटं दाबली. आक्कांनी हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "द्या, आक्का." त्यांनी दिला.

महिन्याभरानं, बाळाला तेल लावता लावता, त्या सहज म्हणाल्या, "बाई, तुमी त्येला इचारलंच न्हवतं ना?"

मी तेलाची वाटी उगाचच त्यांच्याकडे सरकवली.

"तुमचं तोंड वाचाया मला मशीन लागत न्हाई. असू द्या. लेक बघायची हुती, मीबी मग गप बसले. फकस्त खोटं बोलायच्या आदी मला इचारायचं हुतं." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

यंदा मार्गशीर्षात आक्का गेल्या. दहाव्याला मी शिंगणापूरला गेले. माणसं पडदा सारून आत जात होती. मी चौकटीशी थांबून विचारलं, "येऊ का?" ते आतमध्ये कुणाला ऐकू गेलं नसावं. बऱ्याच वेळानं मंदा बाहेर आली, मला पाहून रडली आणि आत घेऊन गेली.

बसल्यावर मी तिला सांगितलं, माझ्याकडे आक्कांचा एकही फोटो नाही. कुठल्या परक्या कपाटात त्यांचा चेहरा आणि दहा बोटं अजून आहेत, की पुसली गेली, तेही मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.

"माझ्याकडं एक हाय," मंदा म्हणाली. "बाळाला कुशीत घेऊन झोपली हुती, तवा काढलेला. तिला ठावंच न्हवतं." तिनं फोन पुढे केला.

तो चेहरा एकदा, फक्त एकदा बघावा म्हणून मी किती दिवस तळमळत होते. फोन हातात घेतला. पडदा अजून उजळायचा होता. मी तो पालथा केला आणि तसाच मंदाच्या हातात परत दिला.