पिंपळाले पुसन कोण?

चार बाया चुना चाळाले बसल्या का डोक्यावर चुना साचते अन् पोटात किस्से. चुना तरी आंघोळीनं जाते! चंद्रपूरच्या जुन्या परकोटाची डागडुजी चालू हाय, त्या दगडी भिंतीवरचे हे किस्से. खोटा एक नाई. थोडं तिखटमीठ असन.

*

कामावर आर्किटेक्ट मॅडम आली. नागपूरची, माह्या नातीच्या वयाची. पयल्याच दिवशी सांगे, "आजी, ही भिंत श्वास घेते. सिमेंट लावलं की गुदमरते."

आमची कौसाबाई म्हणे, "बाप्पा! मंग रात्री घोरत असन!"

आमी सगळ्या हासलो. मॅडमनं कौसाबाईचा हात धरला अन् मांगं कोणीतरी सिमेंट लिंपलं होतं तिथी टेकवला. ओलं! मंग बाजूच्या चुन्यावर टेकवला. कोरडं ठणठणीत!

"घोरत नाही मावशी. घाम येतो."

*

चुन्यात गुळाचं पाणी अन् बेलाचा गर पडते. तपासणीचे साहेब भर उन्हात आले अन् डाफरले, "भिंतीला गूळ कशाला?" मॅडम समजावून समजावून थकली.

मी पिंपातलं ते गुळाचं पाणी गिलासभर गाळून साहेबाच्या हाती देल्लं. भेऊ नका, चुना पडाचा होता अजून! साहेब गटागटा पेले. "वा! आणखी एक द्या."

मॅडम गंभीर तोंडानं म्हणे, "सर, भिंतसुद्धा दुसरा गिलास मागते."

गूळ तिथीच मंजूर!

*

पडलेले दगड लोकाईनं घरी नेले होते. मॅडम म्हणे, नवा दगड फोडून डोंगर कशाला पोखरायचा? जुनाच शोधू. एक सापडला सुमनच्या मोरीत. तिचं घर बुरजाच्या अगदी खाली.

सुमन कमरेवर हात ठेवून, "मंग धुणं का तुह्या डोक्यावर आपटू?"

दुसऱ्या दिवशी मॅडम ऑटोत फरशी घालून आली. मोरीत बसवली अन् सुमनची गोधडी सोता धुऊन दाखवली.

सुमन म्हणे, "दगड ने वं बाई. पण तू इथीच राह्य!"

*

खरा घोर पिंपळाचा. बुरजाच्या फटीत माणसाएवढा वाढला होता. मुळ्या दगड ढकलून राह्यल्या होत्या, अन् खाली सुमनची लेकरं खेळत. पावसाच्या आधी काढला नाई तर बुरूज तिच्या घरावर येनार.

पण काढन कोण? गणपत मिस्त्री म्हणे, "पिंपळाले कुऱ्हाड? माहं घर बुडन!" कौसाबाई बौद्ध. म्हणे, "आमचा तं बोधिवृक्ष हाय. मी नाई!" मजूर एकेक करून बिडी प्याले सटकले.

मॅडमनं कोणाले भेदरट म्हटलं नाई. म्हणे, "तोडायचा नाहीच. एकेक दगड उतरवू, मुळासकट काढू आणि तलावाच्या पाळीवर लावू."

मिस्त्री म्हणे, "तरी झाडाले पुसा लागते. पुसन कोण?"

मॅडमनं चपला काढल्या. बुरजावर चढली, हात जोडले. "पिंपळदेवा, दुसरी जागा दिली तर येशील ना?"

मी बुरजाच्या मांगं लपून होती. भारी आवाज काढला, "येईन! पण तिथी मले रोज पाणी कोण घालन?"

खाली मिस्त्रीनं जमिनीवर डोकं टेकवलं. कौसाबाईनं डोळे मिटले.

मॅडमनं मान बी वळवली नाई.

"जिच्या आवाजात बोलून राह्यला देवा, तीच!"