दोन रेघा

वाइनरीच्या तळघरात तीस वर्षं काढलेल्या मामांना पाठीमागे सगळे ‘नाक’ म्हणायचे. लाल वाइनच्या पिंपातून घोटभर काढायची, हुंगायची, तोंडात घोळवून थुंकायची आणि पिंपावर खडूने रेघ ओढायची, हे त्यांचं काम. एक रेघ म्हणजे लगेच विका. दोन म्हणजे थांबेल. बाटल्या भरून दहा वर्षं आडव्या ठेवा.

यंदा ऐन तोडणीत पावसाने मुक्काम ठोकला. द्राक्षांना बुरशी धरली. निवडून निवडून बारा पिंपं भरली. त्यातल्या कशात कुबट वास उतरलाय, ते मामांच्या नाकालाच कळणार होतं, आणि ते नाक थंडीतल्या तापात गेलं होतं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. शेजारी दूध करपलं तरी हे गृहस्थ पेपर वाचत बसलेले.

‘‘मालकीणबाईंना सांगून टाका,’’ ती म्हणाली.

‘‘काय सांगू? नाक हरवलंय, सापडल्यास कळवा?’’

शेवटी तिनेच तोडगा काढला. खोकल्याच्या औषधाच्या साठलेल्या बाटल्या मामांनी धुतल्या आणि प्रत्येक पिंपातलं थोडं थोडं घरी आणलं. जन्मात वाइनला न शिवलेल्या बायकोने बाराही बाटल्या हुंगल्या. ओल्या फडक्यासारखा कुबट वास कशालाच नव्हता, उलट नाकाला गारगार वाटत होतं. मामांनी बाराही पिंपांवर दोन-दोन रेघा ओढल्या. चांगल्या सालातही त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

वाइन भरून बुचं बसली त्या आठवड्यात बायकोने खोकल्याच्या औषधाच्या त्या रिकाम्या बाटल्यांत कढत पाणी ओतलं. वाफ वर आली आणि तिच्या नाकाला तोच गारवा लागला.

‘‘अहो, तो गारवा औषधाचा होता.’’

मामांनी बाटल्या लखलखीत धुतल्या होत्या. डोळ्यांना दिसेल तेवढ्या.

दुसऱ्या दिवशी सगळं सांगून मोकळं व्हायचं ठरवूनच ते तळघरात गेले. मालकीणबाई तिथेच होत्या. सासरे गेल्यापासून कारभार त्यांच्याकडे होता, पण सासऱ्यांची जीभ काही त्यांना लाभली नव्हती. यंदाची एक बाटली उघडून त्यांनी पेला पुढे केला.

‘‘मला आपली जराशी कुबट लागतेय, मामा. पण मला मेलीला काय कळतं. तुम्ही सांगा.’’

मामांनी घोट घेतला. आंबटपणा कळला, तुरटपणा हिरड्यांना चिकटला. त्यापलीकडे काही नाही. बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, तीस वर्षं सगळे बघत आले तशा.

ते थुंकायचं विसरले. घोट गिळून म्हणाले, ‘‘थांबेल.’’

घरी बायको दारातच उभी होती. ‘‘सांगितलंत?’’

मामांनी पेपर उघडला.