न वाजवलेली शिट्टी
परवा कपाट आवरताना एक पितळी शिट्टी हाती लागली आणि पासष्ट सालच्या सुमाराची ती एसटी आठवली. सुक्या बोंबलांच्या वासात आम्ही दोघे हंगामी शिक्षक बास्केटबॉलच्या पंचपरीक्षेला पालघरला निघालो होतो. पास झाला तरच माझ्या मुरबे गावच्या सोबत्याची नोकरी टिकणार होती. तो उत्तम खेळायचा. मला कुणी चेंडूही देत नसे, म्हणून मी नियमांचं पुस्तक पाठ केलेलं. वाटेत मी विचारलं, "धक्का लागला की पंचाने नेहमी फाउल द्यावा, चूक की बरोबर?" "चूक. अंगाला अंग लागनारच, दरवेली फाउल कसा?" मी ठणकावलं, "बरोबर लिहा मास्तर, नियम म्हणजे नियम!" नेमका तोच प्रश्न आला. त्या 'नेहमी'पाशी मी अडलो, त्याचं म्हणणं पटलं आणि मुकाट्याने 'चूक' लिहिलं. बाहेर तो हसत म्हणाला, "तुमी सांगितलं तसंच लिवलं. तुमी बी तेच ना?" मी "हो" म्हणालो. मी पास झालो. तो एका गुणाने राहिला, नोकरी गेली. जाताना त्याने आधीच घेऊन ठेवलेली ही शिट्टी माझ्या हातात दिली. "घ्या मास्तर, नियम तुमालाच कलतात." आता घरातली मुलं ती वाजवा म्हणतात, तेव्हा मी बिघडली आहे म्हणून सांगतो.