ओल्या चुन्यावरचं गणित

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा भाच्यानं सुरुवात मराठीतच केली होती. "मावशी, आई..." एवढं म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला मराठीत बोलवेना. "मम्मी नहीं रही, मौसी." घरात मराठी आणि बाहेर हिंदी असं वाढलेलं भिलाईचं पोर ते, नको असलेलं वाक्य त्यानं बाहेरच्या भाषेत सांगून टाकलं. मी नागपूरहून मिळेल त्या गाडीनं निघाले. नेहरू नगरच्या तिच्या घरी माणसं जमली होती आणि जो तो एकच म्हणत होता, "फार सोसलं हो बिचारीनं." महिना उलटला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही. बिचारी? आमची नलूताई? मला तेव्हाही राग आला होता, आजही येतो, आणि त्या रागापायीच हे लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे यवतमाळकडचे. बाबा भिलाईच्या स्टील प्लान्टमध्ये क्लार्क होते, भिलाई तेव्हा मध्यप्रदेशात होती. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी घरच्या माणसांना प्लान्ट बघायला आत सोडत, आणि आम्ही जत्रेला निघाल्यासारखे नवे कपडे घालून जात असू. ताई दहावीत होती त्या वर्षी रेल मिलमध्ये लालभडक रूळ आमच्या समोरून सरसरत गेला. मी आईच्या पदरात तोंड खुपसलं. ताई मात्र कठडा धरून उभी, डोळ्याची पापणी लवत नव्हती. बाहेर आल्यावर प्रसादाची बुंदी खाता खाता म्हणाली, "बाबा, मले हे शिकायचं हाय."

बाबा हसले. "तू तं डॉक्टर होऊन राहिली ना वं?"

त्यांचंही चुकलं नव्हतं. नववीत विषय घ्यायची वेळ आली तेव्हा मुलींच्या शाळेत गणिताचा वर्गच नव्हता. मुलींनी बायो घ्यायचं, नाहीतर गृहविज्ञान. गणित मुलांचं, हे सगळ्या गावानं मिळून ठरवून टाकलेलं होतं, आणि ते ठरवताना ताईला कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा शाळा अकरावीपर्यंत असे. ती संपल्यावर ताई बाबांना घेऊन रायपूरला इंजिनियरिंगच्या कॉलेजात फॉर्म आणायला गेली. खिडकीतल्या बाबूनं गुणपत्रिका पाहिली आणि अगदी मायेनं सांगितलं, "बायो है, बिटिया? मेडिकल का फॉर्म यहाँ नहीं मिलता." गणित नाही तर फॉर्म नाही. परतीच्या बसमध्ये बाबा समजूत घालायला लागले, तर ही म्हणते, "गणित नाही म्हणून नाही म्हणून राहिले ना? मग गणित आणते." जसं काही सुपेल्याच्या बाजारातून भाजी आणायची होती! वर्षभर घरी राहून गणिताचा पेपर प्रायव्हेट द्यायचा, असं तिनं त्याच संध्याकाळी जाहीर केलं. लग्नाच्या वयाची मुलगी पास होऊनही पुन्हा परीक्षेला बसते, हे ऐकून ओळीतल्या सगळ्या क्वार्टरांना नवा विषय मिळाला.

ताईला बसून गणित सुटत नसे, उभं राहून सुटे. म्हणून तिनं मागच्या व्हरांड्याची चुन्याची भिंत धरली. आईच्या शेगडीतला विझलेला कोळसा घ्यायचा आणि लिहीत सुटायचं. बघता बघता भिंत हात पोचेल तिथपर्यंत काळी झाली. धुणं वाळत घालताना आई चादर तिकडं लागू नये म्हणून जपायची, पण बोलायची काही नाही. आई कुठल्या बाजूची आहे हे आम्हाला कळतच नसे.

परीक्षा जवळ आली आणि नेमके वर्ध्याचे पाहुणे ताईला बघायला यायचे ठरले. बाबांनी टाउनशिपच्या माणसांच्या मागे लागून घराला चुन्याची पुताई करून घेतली. ताई गणित शिकवणाऱ्या मास्तरांकडून आली तर भिंत पांढरीफटक. त्रिकोणमितीचं एक गणित बरेच दिवस तिला नडत होतं. ते अर्धं सुटलं होतं, तेही गेलं.

"बाबा, हे काऊन केलं?"

"काऊन म्हणजे? उद्या पाहुणे येऊन राहिले. त्याईले काय कोळसा दाखवू?"

ताई रडली नाही, जेवली मात्र नाही. सकाळी उठून पाहते तर आईनं शेगडीतला चांगला लांब कोळसा निवडून ताटलीत ठेवलेला. म्हणाली, "हे घे. चुना ओला हाय अजून. दाबून लिही."

आणि ताईनं लिहिलं. आठवून आठवून, पहिल्या ओळीपासून. दुपारी पाहुणे आले, पोहे झाले, हात धुवायला मुलाचे वडील मागे गेले आणि तिथंच थबकले. "हे काय आहे?"

"गणित आहे," ताई म्हणाली. "अर्धं झालं आहे. पूर्ण झालं की मी रायपूरला जाणार आहे."

वर्ध्याहून नकार आला. बाबा आठ दिवस आईशी बोलले नाहीत. आई मजेत होती.

ताई रायपूरला गेली, इंजिनियर झाली, आणि प्लान्टच्या डिझाइन ऑफिसात निवृत्त होईपर्यंत राहिली. बाबा पुढं येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भिंत दाखवायचे. ओल्या चुन्यात मुरलेला कोळसा, कितीही पुताई करा, खालून डोकावायचाच.

नेहरू नगरचं घर बांधताना मागच्या व्हरांड्यात तिनं मुद्दाम चुन्याची भिंत ठेवली. लोक शब्दकोडी सोडवतात तशी ही इस्त्रीवाल्याकडून कोळसे आणून उभ्या उभ्या गणितं सोडवायची. दवाखान्यात जायच्या दिवसापर्यंत.

तेरावं झाल्यावर भाच्यानं घर रंगवायला माणसं बोलावली. "मौसी, पीछे भी करवा लें क्या?" मी म्हटलं, "त्या भिंतीले कोनी हात लावायचा नाही." मग एकटीच जाऊन तिच्यासमोर उभी राहिले. शेवटची ओळ 'बरोबर'च्या चिन्हापर्यंत येऊन थांबली आहे, पुढं कोरा चुना. मला त्यातलं काही कळत नाही, कधी कळलंही नाही. पण ते चिन्ह पुसट होत चाललं होतं. खिडकीत तिचा कोळसा होता... तो उचलला आणि त्या दोन रेघा मी पुन्हा गिरवल्या. दाबून.