तीन सिलिंडरांचे मामेसासरे

माणसानं आयुष्यात दोघांवरच भरवसा ठेवावा, एक गावचा रवळनाथ आणि दुसरं आपल्या गाडीचं इंजिन, असं माझ्या मामेसासऱ्यांचं ठाम मत आहे. आणि मामी आसपास नसताना विचारलंत तर रवळनाथाचा नंबर दुसरा लागतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. घोडपदेवच्या चाळीत राहतात, मूळचे मालवणकडचे, उमेदीची वर्षं परळच्या गिरणीत फिटर म्हणून काढलेली. गिरणी गेली, पुढच्या बारीकसारीक नोकऱ्याही संपल्या, आणि आता हातातला पाना लावायचा कुठे असा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी एक जुनी, छोटी, पेट्रोलवर चालणारी गाडी विकत घेतली. गाडी असं आम्ही म्हणतो. मामा 'इंजिन' म्हणतात. चार चाकं, दारं, काचा आणि आत बसलेले आम्ही, हे सगळं त्यांच्या लेखी इंजिनाला चिकटलेलं सामान आहे.

मी गिरगावातल्या कारकुनांच्या घराण्यातला. आमच्याकडे यंत्र म्हणजे शिवणयंत्र, आणि तेही बिघडलं की शेजाऱ्यांना हाक मारायची. त्यामुळे लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घोडपदेवला गेलो तेव्हा मामांनी चहाच्याही आधी मला खाली अंगणात नेऊन बॉनेट उघडलं, याचा अर्थच मला कळेना. "सातशे श्याण्णव सीसी," मामा म्हणाले. "तीन सिलिंडर. बोअर साडेअडुसष्ट, स्ट्रोक बहात्तर. करा गुणाकार, बरोबर सातशे श्याण्णव येता की नाय बघा." नव्या जावयानं काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "छान आहे." मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "छान नाय जावयबापू, बरोबर आसा." तो गुणाकार मी आजतागायत केलेला नाही. पण मी गेल्यावर मामांनी माझ्याबद्दल 'पिकअप कमी, पण ॲव्हरेज चांगला देतलो' असा शेरा मारला आणि त्यावर आमचं लग्न पक्कं झालं, असं बायको अजून सगळ्यांना सांगते.

तीन सिलिंडर हा मामांच्या तत्त्वज्ञानाचा पाया आहे. चार सिलिंडरांच्या गाडीकडे ते मोठ्या बंगल्यात राहणाऱ्या कर्जबाजारी माणसाकडे पाहावं तसे पाहतात. "तिघांत काम भागता, तर चवथ्याक जेवक कित्याक घालूचा?" असं ते दादरला सिग्नलवर शेजारच्या लांबलचक गाडीच्या मालकाला काच खाली करून विचारतात. चढावर कुणी बोललेलं त्यांना खपत नाही, इंजिनाचं लक्ष विचलित होतं म्हणे. लालबागचा पूल चढताना आम्ही सगळे शोकसभेत बसल्यासारखे गप्प असतो आणि उतार लागला की एकदम बोलायला लागतो. एसीचं नाव काढायचं नाही. दर रविवारी सकाळी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आतला आवाज ऐकत असतात, आणि त्या वेळी चाळीत कुणी मिक्सर लावला तर त्याची धडगत नसते. आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा तिचं रडणं ऐकून सगळ्यांच्या आधी मामा म्हणाले होते, "कॉम्प्रेशन मस्त आसा." डॉक्टरांनी एकदा त्यांना ब्लडप्रेशर वाढल्याचं सांगितलं, तर मामांनी गंभीरपणे विचारलं, "ह्या उभ्या गाडीचा, आयडलिंगचा सांगतास, की लोडवरचा?" डॉक्टर बिचारे अजून त्या प्रश्नावर विचार करत असतील.

आणि ही गाडी बंद पडत नाही. म्हणजे पडते, पण मामा ते मान्य करत नाहीत. एकदा शीवला भर चौकात, मागे हॉर्नचा कल्लोळ चालू असताना, ती ढिम्म हलेना. मी उतरून धक्का मारत होतो. घाम पुसत म्हटलं, "मामा, बंद पडली हो." मामा स्टिअरिंगवरूनच म्हणाले, "बंद नाय पडली. थांबली. माणूस थांबता तसा. लोटा तुमी." पुढे कार्बोरेटरमधला कचरा निघाला, तर तो पेट्रोल पंपाचा दोष, इंजिनाचा नव्हे. इंजिनाचा दोष असा कधी नसतोच. घरातल्या एकुलत्या एका गुणी लेकराला बाहेरच्यांनी बिघडवावं तसा सगळा प्रकार.

मामींना हे सगळं मान्य आहे असं समजू नका. त्या गाडीला सरळ 'सवत' म्हणतात. लांबच्या प्रवासाला निघताना मामा गाडीच्या चाकाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, आणि आत बसलेल्या प्रत्येकानं साथ द्यायची असते. "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझा सातशे श्याण्णव सीसीचा लेकरू रस्त्याक लागता हा, तर तेच्या तिनय सिलिंडरांत दाब सारखो ऱ्हवांदे, हेड गॅस्केट सांभाळ, कार्बोरेटरात कचरो येव नये, असा कर रे म्हाराजा!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणतो. मामी तेवढ्या गप्प असतात. एकदा म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांचा नाव कधी घेतलास काय गाऱ्हाण्यात?"

तर अशा या इंजिनावर यंदा संकट आलं. पंधरा वर्षं उलटून गेलेली गाडी दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्ता, नापास झाली तर भंगार. याआधी मामांची गाडी दर वेळी सुटली होती आणि दर वेळी चाळभर पेढे वाटले गेले होते. यंदा मात्र त्यांच्या ठाण्याच्या मुलानं अट घातली. "पप्पा, या वेळी नापास झाली तर विषय संपला हां. मी नवी ऑटोमॅटिक घेतो, ड्रायव्हर ठेवतो, तुम्ही मागे आरामात बसा." मुलगा चांगला आहे, काळजीपोटीच बोलला. पण मागे आरामात बसायचं हे ऐकून मामांचा चेहरा असा झाला की मला तिथून उठून जावंसं वाटलं. मामांनी शब्द दिला. पुढचे काही दिवस ते नीट जेवले नाहीत. गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, हा प्रश्न आम्हा सगळ्यांच्या मनात होता आणि कुणीही तो तोंडातून काढत नव्हतं.

तपासणीच्या सकाळी मी घोडपदेवला पोचलो तेव्हा मामा इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. इंजिन असं चकचकीत पुसलेलं की त्यात तोंड पाहून भांग पाडावा. आणि नेमकी इथे मामांकडून चूक झाली. एरवी नारळ चाकाशी फुटतो, बॉनेट बंद असतं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, देवानं इंजिन प्रत्यक्ष बघितलेलं बरं. त्यांनी बॉनेट उघडं ठेवलं, गाऱ्हाणं घातलं, आणि नारळ थेट इंजिनावर धरून हातोडीनं फोडला. नारळ चांगला पाणीदार निघाला. सगळं पाणी इंजिनावर.

मामांनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, पण अख्खी थरथरायला लागली. हिवतापाच्या माणसासारखी. मामांनी कान टेकला. "तिसरो रुसलो," ते म्हणाले. "दोघेच ओढतत." मग त्यांनी कार्बोरेटर तपासला, इंधनाची नळी झटकली, हेड गॅस्केटला हात लावून डोळे मिटले. मी चाचरत म्हटलं, "मामा, ते नारळाचं पाणी तर..." मामा उसळलेच. "देवाचा पाणी ता! तेना कसा बिघडात?" वेळ निघून चालली होती. शेवटी पाना बाजूला ठेवून मामा पायरीवर बसले. "ऱ्हवांदे," म्हणाले. "देवाकच नको आसात."

गॅलरीतून हे सगळं पाहत असलेल्या मामी तिथूनच ओरडल्या, "देवाच्या नावार कित्याक ढकलतास? तुमी ओतलास ता वायरींत गेला!" आणि गुडघे धरत त्या जिना उतरून आल्या, हातात शेजारच्या ब्यूटी पार्लरवालीचा केस वाळवायचा ड्रायर. मला वर पिटाळून त्यांनी गॅलरीतून लांब वायर सोडायला लावली. मी वरून पाहिलं तर मामी पदर खोचून सवतीच्या पोटात गरम वारा सोडत होत्या, आणि मामा प्लगची एकेक वायर काढून पुसून त्यांच्यापुढे धरत होते. "हय धर. हय नाय, थय. जरा वर." "माका शिकवू नका. नीट धरा." चाळीची पोरं टाळ्या पिटत होती. इंजिनाभोवती त्या दोघांना एकत्र उभं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला इतका आनंद झाला की आरटीओचं भानच राहिलं नाही.

गाडी सुरू झाली. थरथर नाही, खोकला नाही. मामी न बोलावता मागच्या सीटवर जाऊन बसल्या, ड्रायर मांडीवर, वाटेत पुन्हा लागला तर असावा म्हणून. तो लावणार कुठे, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तपासणारे साहेब तरुण होते. त्यांनी नंबर पडताळले, दिवे, ब्रेक पाहिले, इंजिन चालू ठेवून बराच वेळ ऐकत राहिले. नाकाशी हात नेऊन म्हणाले, "काका, खोबऱ्याचा वास कसला येतोय?" मामा म्हणाले, "मालवणी आसा साहेब." साहेब हसले आणि गाडी पास झाली.

मला वाटलं होतं, मामा आता उड्या मारतील. मी पेढ्यांचं दुकान कुठे लागतं तेही बघून ठेवलं होतं. पण परतताना ते दुकान मागे पडलं तरी त्यांनी गाडी थांबवली नाही. भायखळ्याच्या सिग्नलला गाडी थांबली. मामा समोर बघत, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "जावयबापू, इंजिनाक पाच वर्सां गावली. माझी कोन करून देतलो?"

हा माणूस म्हातारा झालाय, हे त्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

मागून मामी म्हणाल्या, "मी देतंय करून. सिग्नल सुटलो, चला."

मामांनी आरशात एकदा मागे पाहिलं आणि पहिला गिअर टाकला. त्यानंतर घोडपदेव येईपर्यंत ते इंजिनाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला यंत्रातलं काही कळत नाही, तरी मी सगळी वाट कान देऊन इंजिनातल्या त्या तिघांचा आवाज ऐकत राहिलो, आणि ही गाडी कधी थांबू नये असं मला अगदी मनापासून वाटत होतं.