नातीच्या वाट्याचे बिबडे
७ मे २०१८, सकाळी सहा वाजता मी नातीला नंदुरबारच्या बसमध्ये बसवले; ज्वारीचा घाटा शिजल्याचा आंबूस वास आला की ती सकाळ आठवते. आमच्या गल्लीत उन्हाळ्याचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, सर्व घरांतल्या बायका-मुली मिळून घालतात. ज्या घरची मुलगी येत नाही, त्या घरचे बिबडे घालायला कोणी जात नाही. नातीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती, आणि अशा मुलांसाठी तिथल्या एका महाविद्यालयाने महिनाभर प्रयोगशाळा उघडली होती. शाळेतला सूक्ष्मदर्शक तिने कपाटाच्या काचेतूनच पाहिला होता. तिला पाठवून मी शेजारणीच्या गच्चीवर गेलो; त्या दिवशी बिबडे तिच्याकडे होते. “आबा, पोर कथी शे?” शेजारणीने विचारले. “कॉलेजमा.” “निकाल बी लागना नई, आन कॉलेजमा?” “कॉलेज कसं ऱ्हास, ते आधी देखू दे तिले.” “मंग तिन्हा वाटाना बिबडा कोन घाली?” “मी घालसू.” “मंग डोकावर पदर बी ल्या, आबा.” बायका हसल्या. मी बाह्या सारल्या, हात पाण्यात बुडवला आणि ओल्या कापडावर गरम घाटा थापू लागलो. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. संध्याकाळी कापडाला मागून पाणी शिंपडून मी बिबडे सोडवले, आणि माझे वाकडेतिकडे बिबडे बायकांच्या गोल बिबड्यांतच रचले.