दारातली रेघ

कालव्याच्या पुलापर्यंत आलो तेव्हा वन्संनी टाइलांचा खोका पहिल्यांदा खांद्यावरून उतरवला. आधी एक कोपरा टेकवला, मग दुसरा, मग हात काढून घेतले. रस्ता पाइपांसाठी खोदून ठेवला होता, म्हणून बस टाइलांच्या गोदामापर्यंत जातच नव्हती. शहराच्या टोकापासून घरापर्यंत चालत यायचं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं, मी मान हलवली होती.

"दमलात का वहिनी?"

"खोका तुमच्या खांद्यावर आणि दमू मी?"

"तसं नाही. मघापासून गप्प आहात. तुम्ही गप्प असलात की मला वाटतं, मनातल्या मनात कुणाची तरी झडती चाललीय."

मी हसले. माझ्या हातात फक्त एक गुंडाळी होती, रबरासारख्या लवचिक पट्टीची. ती पट्टी आणि खोक्यातल्या थोड्या टाइला, एवढ्यासाठीच आम्ही सकाळी बाहेर पडलो होतो. टाइल नुसती रंगाला जुळून चालत नाही, भट्टीच्या एकाच खेपेची लागते, नाहीतर उन्हात ठिगळ दिसतं. त्या खेपेचा फुटका खोका गोदामाच्या मागच्या कोपऱ्यात सापडला, तेव्हा वन्संनी त्यावरची धूळ पदर नसल्यामुळे स्वतःच्या बाहीने पुसली होती.

वन्सं म्हणजे माझ्या नणंद. फरश्या बसवतात. कामावरची माणसं त्यांना पाणसळ म्हणतात, कारण जमिनीची सपाटी बघायची ती पाणसळ त्यांच्या हातातून कधी सुटत नाही. आणि नसली तरी अडत नाही. कुणाकडे जेवायला गेल्या तर वाटीतलं पातळ कुठल्या काठाकडे झुकलंय ते आधी बघतात आणि यजमानाला सांगतात, "खिडकीकडे उतार आहे तुमच्या." लोक हसतात. एकदोघांनी मात्र नंतर त्यांनाच बोलावून जमीन करून घेतली. त्यांच्या गुडघ्यांवर घट्टे पडलेत. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणतात, "विचारायला आला होता एक जण. त्याला वाटलं, त्याच्या घरी आल्यावर मी जमिनीवर गुडघे टेकणं सोडेन. दोघांचाही वेळ वाचवला मी."

काम शिकल्या ते वडिलांकडून. बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर फरश्याच बसवत आले. मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, त्यात गोडी नव्हती. मुलीला होती. शाळा सुटली की ती पाणी आणून द्यायची, सिमेंट कालवायची. बाबांची शिकवण्याची रीत एकच. बसवलेली फरशी वाळली की चपला काढायला लावायचे, डोळे मिटायला लावायचे आणि चालवायचे. कुठे कड वर आली असेल, कुठे टाइल पोकळ वाजत असेल, तिथे थांबून सांगायचं. "डोळ्याला जे बघायचं असतं तेच दिसतं," ते म्हणायचे, "पायाला विचार." वन्सं आजही काम संपवताना अनवाणी चालून बघतात. मी त्यांना तसं चालताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काही स्तोत्र म्हणतायत की काय. ओठ हलत होते. नंतर कळलं, टाइला मोजत होत्या.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर बाबा उजवा पाय ओढत चालायला लागले. त्यांची खोली घराच्या जुन्या भागात आहे, खाली लाकडी तुळया आणि त्यावर फळ्या. स्वयंपाकघर नंतर वाढवलेलं, काँक्रीटचं, दोन बोटं उंच. मधे उंबरा. त्या उंबऱ्याला पाय अडकून बाबा पडले. लागलं फार नाही, पण त्यानंतर ते खोलीबाहेर आले नाहीत. मी ताट आत नेऊन द्यायला लागले. भिंतीकडे तोंड करून जेवायचे. थंडीत त्या फळ्यांखालून असा गार वारा यायचा की दोन दोन मोजे घालून पलंगावरच बसून राहायचे. मी सकाळी देवापुढे हात जोडून उभी राहायचे तेव्हा आतून त्यांच्या काठीचा नुसता जागच्या जागी टकटक आवाज ऐकू यायचा.

वन्सं एका रविवारी आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "हा काढते. पलंगापासून टेबलापर्यंत एकच जमीन करते, सपाट, आणि खालून गरम."

त्यांनी केलंही तसं. आधी फळ्या. जिथे करकर वाजायचं तिथे स्क्रू मारले, वरून जाड पत्रे अंथरले, सिमेंटचे, आणि तेही इतक्या जवळजवळ स्क्रूंनी आवळले की हे म्हणाले, "जहाज बांधतेयस का?" "जहाज हललेलं चालतं," वन्सं म्हणाल्या. दोन बोटांचा फरक भरून काढला. विजेवर गरम होणाऱ्या वायरची जाळी दोन वेगळ्या तुकड्यांत घेतली, एक लाकडाच्या बाजूला, एक काँक्रीटच्या, म्हणजे वायर सांध्यावरून जाणार नाही. मी विचारलं, एकच का नाही? तर म्हणाल्या, "लाकूड गरम झालं की सुकतं, आकसतं, ओल लागली की परत फुगतं. काँक्रीट मख्खासारखं बसून राहतं. तुमचं आणि दादाचंच बघा की. दोघांना एका दोरीने बांधलं तर कुणाला काचेल?"

"मला," मी म्हणाले.

"दोरीला," त्या म्हणाल्या.

म्हणूनच वरच्या टाइलांमधेही त्या जागी सिमेंटऐवजी ती लवचिक पट्टी घालायची असते. खालचा सांधा जिथे, बरोब्बर तिथेच वर रेघ. पण आमच्याकडे खालचा सांधा दारात नव्हता. घर वाढवताना भिंत सरकली होती, त्यामुळे काँक्रीट, फळ्यांच्याच पातळीत, दारातून हातभर आत, बाबांच्या खोलीत शिरलं होतं. वन्संनी पेन्सिलीने खूण केली. बाबा पलंगावरून बघत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर काहीतरी चाललंय असं दिसत होतं.

"खोलीत मधेच रेघ?" ते म्हणाले. "नव्या कापडाला जोड दिल्यासारखी दिसेल ती. रेघ दारात घे. चौकटीखाली शोभून दिसते, कुणी विचारतही नाही का आहे म्हणून."

बाबांनी आयुष्यभर काँक्रीटवरच काम केलं होतं. लाकूड आणि खालची गरमी त्यांच्या वाट्याला कधी आली नव्हती. वन्संना ते माहीत होतं. गिऱ्हाइकाने असं काही सांगितलं असतं तर त्यांनी पाणसळ पिशवीत घालून सरळ घर गाठलं असतं. पण बाबा कामाबद्दल बोलत होते, हात हलवून दाखवत होते. वन्संनी अंगठ्याने पेन्सिलीची खूण पुसली आणि रेघ दारात घेतली.

जमीन देखणी झाली. टाइलांखालचं चिकटवायचं मिश्रण पुरतं वाळेपर्यंत कुणाला बटणाला हात लावू दिला नाही, मग रोज थोडी थोडी उष्णता वाढवली. एका संध्याकाळी बाबा मोजे काढून उठले, काठी टेकत दारातून आले आणि टेबलाशी बसले. मी ताट वाढलं. ह्यांनी मीठ पुढे सरकवलं, तर बाबा म्हणाले, "माझा हात पुरतो." त्या रात्री मी देवाजवळ काही मागितलं नाही, नुसतं बसले.

ऐन थंडीत टाइलांना तडा गेला. दारात नाही, हातभर आत. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ, जणू पुसलेली खूण खालून कुणी परत उमटवली. एका टाइलची कड किंचित वर आली होती. बाबा नेहमीसारखे उठले, तिथे थांबले, काठीने टाइल वाजवून बघितली, कान दिला. मग मागे फिरून पलंगावर बसले.

"सूनबाई, ताट इकडेच आण."

तेव्हापासून ते परत आतच. आम्ही सगळे धरून चाललो होतो की पाय अडकायची भीती बसली. वन्संनी तडा बघितला, हाताने चाचपला आणि एवढंच म्हणाल्या, "ही ओळ काढते. पट्टी जिथे पाहिजे तिथे घालते." त्यासाठीच आजची पायपीट.

पुलावरून उतरल्यावर त्यांनी खोका दुसऱ्या खांद्यावर घेतला. डाव्या हाताला गॅरेजांची रांग होती, एक माणूस नळीने गाडी धूत होता. वाटेवर त्याचं पाणी साचलं होतं. वन्संनी सवयीने बघितलं पाणी कुठे वाहतंय ते.

"उद्या लावते," त्या म्हणाल्या. "चार दिवसांत तिथून निदान चालता येईल. जमीन सपाट झाली की येतील बाबा टेबलावर."

मग मला बोलावंच लागलं.

"वन्सं, त्यांना पायाची भीती नाही."

"मग?"

"काल मी औषध द्यायला गेले तर मला म्हणाले, सूनबाई, रेघ दारात घे असं मीच म्हणालो होतो का? मला धड आठवत नाही. पोरगी खरं सांगणार नाही. तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

वन्सं चालत राहिल्या. पण पावलं आखूड झाली.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, आधी औषध घ्या."

"शाबास."

"मग काय म्हणू? तेव्हा मी दारात परात घेऊन उभी होते. शब्द न् शब्द ऐकलाय मी."

"अजून काय म्हणाले?"

ते सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. "म्हणाले, मीच म्हणालो असेन तर माझं शहाणपण पायाबरोबरच गेलं म्हणायचं. मग कशाला टेबलाशी येऊन बसायचं, चार माणसांत बोलायचं. जे सांगेन ते मोडेल."

गॅरेजं संपली. पुढे शाळेची लांब भिंत लागली, तिच्या आत मुलं कसलातरी पाढा एका सुरात म्हणत होती. मला वाटत होतं, उगाच सांगितलं. मग वाटलं, न सांगून कसं चाललं असतं, उद्या रेघ दारातून निघून खोलीत आली की ते बघणारच. बघितलं की कळणारच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांनी खोका परत खाली ठेवला. या वेळी त्यावर बसल्या. टाइलांवर बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, खाली सांधा कुठे आहे ते मी बघितलं होतं. हात लावून. त्यांनी बघितलं नव्हतं, ते पलंगावर होते. मग चूक कुणाची?"

"तुमची," मी म्हणाले. तोंडावर बोलायची मला सवय आहे.

"माझीच. खूण मी पुसली. पण हे मी त्यांना सांगितलं तर ते म्हणणार, पोरगी पांघरूण घालतेय. दादाने सांगितलं तर म्हणणार, याला फरशीतलं काय कळतं. राहिलात तुम्ही."

"वन्सं, मी रोज सकाळी हात जोडून एकच मागते. जीभ सरळ राहू दे."

"माहीत आहे मला. म्हणून तर ते तुम्हाला विचारतायत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या हातातल्या पट्टीच्या गुंडाळीकडे बघत होत्या. "मी कधी तुमच्याकडे काही मागितलं नाही. लग्न होऊन आलात तेव्हा तुमची पेटी उचलायला आले, तेव्हाही तुम्ही म्हणालात राहू दे, आणि मी राहू दिली."

"काय सांगू त्यांना?"

"सांगा की ते म्हणाले होते, रेघ सांध्यावरच घे. मी ऐकलं नाही, दारात बरी दिसेल म्हणून माझ्या मनाने घेतली. एवढंच. पुढचं त्यांचं ते बोलतील, मला शिव्या घालायला तरी उठून बाहेर येतील." त्या उठल्या, वाकल्या आणि खोक्याच्या खाली हात घातले. "आणि आज सांगताना औषधाची बाटली हातात घेऊन जाऊ नका. नुसत्या जाऊन त्यांच्याजवळ बसा."